धुरक्यातून जन्मलेला दिवा: ‘चेक इंजिन’चा इतिहास

१/
डॅशबोर्डवर इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की गाडी स्वतःच्या दुखण्याची तक्रार करीत आहे, असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात हा दिवा कायद्याने सक्तीचा झाला तो शहरांच्या हवेसाठी. त्याची आणि त्यामागील सांकेतिक क्रमांकांची ही कथा. 🧵

२/
जुलै १९४३. ऐन महायुद्धात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे दाट धुरके उतरले. शत्रूने विषारी वायू सोडला, अशीही भीती पसरली. पुढे संशय कारखान्यांवर गेला. १९५० च्या दशकारंभी कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी उलगडा केला: इंधनाची न जळलेली वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की हे धुरके तयार होते. मोटारींचा त्यात मोठा वाटा होता.

३/
१९७० मध्ये अमेरिकेत ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ कठोर झाला. १९७५ च्या मॉडेलांपासून सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तिन्ही प्रमुख प्रदूषके आवरणाऱ्या पुढच्या कन्व्हर्टरना हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ : १ असेच लागे. साध्या कार्ब्युरेटरला इतका नेमकेपणा साधेना. म्हणून ऑक्सिजन सेन्सर आणि छोटा संगणक गाडीत शिरले.

४/
संगणकाला बिघाड कळला, तरी तो सांगणार कसा? १९८० च्या दशकातील जनरल मोटर्सच्या गाड्यांत डॅशबोर्डखालील सॉकेटचे दोन ठरावीक बिंदू तारेने जोडत. मग दिवा लुकलुके. एकदा, थोडे थांबून दोनदा: म्हणजे क्रमांक १२. मेकॅनिक कागद-पेन्सिल घेऊन लुकलुक मोजत बसे.

५/
कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून अशी स्वयंतपासणी बंधनकारक केली. तरीही प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, क्रमांक वेगळे. प्रत्येक कंपनीचे उपकरण विकत घेणे छोट्या गॅरेजला परवडणारे नव्हते. निदानाची किल्ली कंपनीच्या हाती राहण्याचा धोका होता.

६/
१९९० च्या कायदादुरुस्तीने ती किल्ली सैल केली. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना ‘ओबीडी-२’ सक्तीचे झाले: १६ पिनांचे एकच सॉकेट, सामाईक क्रमांक. शिवाय प्रदूषणाशी निगडित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. हवेसाठी केलेला कायदा छोट्या मेकॅनिकचाही आधार ठरला.

७/
उदाहरणार्थ, ‘पी०३०१’. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्सचा विभाग. ‘०’ म्हणजे सर्व कंपन्यांना समान क्रमांक. ‘३’ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर. ‘०१’ म्हणजे पहिला सिलिंडर. पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, एवढे यातून कळते. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे कळत नाही.

८/
गफलत इथेच होते. ‘पी०१७१’ सांगतो: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कारण फाटलेली व्हॅक्यूम नळी असेल, मळलेला हवामापक सेन्सर असेल किंवा थकलेला इंधनपंप. क्रमांक पाहून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि दिवा परत लागतो. म्हणून जाणता मेकॅनिक आधी बिघाडाच्या क्षणी संगणकाने टिपलेली नोंद वाचतो: वेग, तापमान, इंजिनवरील भार. मग नळ्या आणि जोडण्या तपासतो. सुटा भाग सर्वांत शेवटी बदलतो.

९/
क्रमांक नुसता पुसूनही भागत नाही. पुसताच संगणकाच्या स्वयंचाचण्याही ‘अपूर्ण’ दिसू लागतात, आणि गाडी काही काळ चालवल्याखेरीज त्या पूर्ण होत नाहीत. लपवाछपवी तपासणी केंद्रावर उघडी पडते.

१०/
युरोपात पेट्रोल गाड्यांना ही पद्धत २००१ पासून लागू झाली. भारतात ती ‘भारत स्टेज ४’ बरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्या मानकाच्या पहिल्या शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. आज गल्लीतल्या गॅरेजातही हातात मावणारा स्कॅनर दिसतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून निघालेली ही भाषा तो वाचून दाखवतो. तिचा अर्थ मात्र अजूनही मेकॅनिकलाच लावावा लागतो.