जुन्या गाडीचा कुलंट बदलताना खारं पाणी टाळा. इंजिन वाचवण्याची सोपी पद्धत

जठारपेठ (अकोला) : मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की जुन्या जिपा, कार अन् पिकअप रस्त्यात तापून उभ्या राहतात. मग जवळच्या बोअरचं किंवा विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. तेवढ्यापुरती गाडी घरी पोहोचते, पण खरं नुकसान तिथूनच सुरू होतं.

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अकोला, अमरावती अन् बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर तालुक्यांतली अनेक गावं त्यात येतात. जे पाणी पिकाला चालत नाही, ते इंजिनलाही चालत नाही. क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, मिठामुळे लोखंड गंजतं आणि ॲल्युमिनियमचं हेड खाल्लं जातं.

कुलंट करतो काय?
साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते १०६ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरच्या झाकणाच्या दाबामुळे ही मर्यादा आणखी वाढते. कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनंही असतात. ती कालांतराने संपतात, म्हणून रंग बरा दिसला तरी कुलंट बदलावाच लागतो. जुन्या पद्धतीचा कुलंट साधारण २ वर्षांनी बदलावा. नव्या प्रकारचे काही कुलंट ५ वर्षं टिकतात. डब्यावरची मुदत पाहा. रंगावरून प्रकार ठरवू नका आणि दोन वेगळे कुलंट एकत्र करू नका.

बदलण्याची पद्धत
१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सकाळची वेळ उत्तम. गरम गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं.

२) गाडीत हीटर असेल तर त्याचा खटका गरमकडे ठेवा. झाकण काढा, खाली बादली ठेवा आणि रेडिएटरच्या तळाची तोटी सोडा. तोटी नसेल तर खालचा रबरी पाइप काढा.

३) तोटी बंद करून स्वच्छ, गोडं पाणी भरा. वरचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवा. पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरलं. इंजिन थंड करून पाणी काढा. पाणी नितळ येईपर्यंत असंच करा.

४) शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते हेच पाणी. बॅटरीचं ॲसिड मात्र चुकूनही घेऊ नका. जारचं आरओ पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. ते आधीच्या धुलाईला चालेल.

५) इंजिनच्या ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच. म्हणून आधी कुलंट, नंतर पाणी. गाडीच्या पुस्तकात एकूण क्षमता ८ लिटर असेल तर ४ लिटर घट्ट कुलंट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी मिसळू नका. त्यासाठी ब्लॉकमधलं पाणीही आधी काढावं लागतं.

६) गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन सावकाश चालू द्या. बुडबुडे थांबले की पातळी भरून झाकण लावा. बाजूची बाटली खालच्या-वरच्या खुणेच्या मध्ये भरा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहा.

हेही पाहा
पाइप फुगलेले, तडकलेले असतील किंवा झाकणाचं रबर कडक झालं असेल तर त्याच वेळी बदला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. खूप जुन्या रेडिएटरमध्ये ॲसिड किंवा जहाल पावडर टाकू नका, गंजलेली जागा उघडून गळती लागते. इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल किंवा रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. अशी गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा.

रस्त्यात गाडी तापलीच तर बंद करून सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, मगच पाणी टाका. नाइलाजाने खारं पाणी टाकावं लागलं, तर घरी आल्यावर लवकरात लवकर वरीलप्रमाणे रेडिएटर धुऊन घ्या.

जनावरांना जपा
बहुतेक कुलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, पण जहाल विष आहे. बादली अंगणात उघडी ठेवली तर कुत्रं, बकरी किंवा वासरू तोंड घालू शकतं. लहान लेकरांचाही धोका आहे. काढलेला कुलंट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवर द्या. नाली, विहीर किंवा वावरात ओतू नका. सांडलेला भरपूर पाण्याने लगेच धुवा. कोणाच्या पोटात गेलाच तर त्रास दिसण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा, डबा सोबत न्या. जनावराला लगेच पशुवैद्यकाकडे न्या.