ओ. ई. हासे : पडद्यामागचा आवाज

नटाचे चरित्र लिहिताना त्याच्या भूमिकांची जंत्री देण्याचा प्रघात आहे. जर्मन नट ओटो एडुआर्ट हासे यांच्या बाबतीत ही जंत्री अपुरी पडते. कारण ज्यांनी त्यांना ऐकले त्यांतील पुष्कळांना आपण हासे यांस ऐकत आहोत, याचा पत्ताच नव्हता.

पोझेन प्रांतातील ओबरझित्स्को या गावी १९०३ साली त्यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून ते बर्लिनमध्ये माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यशाळेत शिरले आणि पुढे म्युनिकच्या कामरश्पीले रंगमंदिरात ओटो फाल्कनबेर्ग यांच्या दिग्दर्शनाखाली नावारूपास आले. १९३९ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल न्यायालयाने त्यांस शिक्षा ठोठावली. त्यानंतर प्रागच्या जर्मन नाट्यगृहाने त्यांस आश्रय दिला. ज्या कलमाने हे घडले ते नाझी राजवटीने १९३५ साली अधिक कडक केले होते आणि पश्चिम जर्मनीत ते त्याच रूपात १९६९ पर्यंत टिकले. म्हणजे हासे यांच्या कीर्तीचा सारा बहराचा काळ त्या कायद्याच्या छायेत गेला, हे विसरता येत नाही.

१९४८ मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर त्यांनी झुकमायरच्या ‘सैतानाचा सेनापती’ या नाटकातील हारास उभा केला. याच सुमारास अमेरिकन बोलपटांना जर्मन वाणी देण्याचे काम जोरात सुरू झाले होते, आणि स्पेन्सर ट्रेसी, चार्ल्स लॉटन यांच्या तोंडून जर्मन प्रेक्षकांस हासे ऐकू येऊ लागले. हे काम हलके समजण्याची चूक कोणी करू नये. चित्रपटाचे लहान लहान तुकडे पुनःपुन्हा दाखवीत, दुसऱ्याच्या ओठांशी आपले शब्द जुळवावे लागतात. त्यात जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी येते. मराठी वाचकांस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही : इंग्रजी नटाची भुवई वाक्याच्या मध्यावर चढते, आणि आपला अर्थ मात्र अजून वाटेतच असतो! रंगभूमीवर घोटलेला श्वासच येथे उपयोगी पडतो.

पडद्यावर त्यांनी हिचकॉकच्या ‘आय कन्फेस’ (१९५३) मध्ये पाद्र्यापाशी पापनिवेदन करून त्याला मौनात अडकवणारा खुनी रंगविला. पुढच्याच वर्षी ‘कानारिस’ मध्ये ते नायक झाले. हिटलरच्या गुप्तहेरखात्याच्या या प्रमुखाला चित्रपटाने वाजवीपेक्षा अधिक निष्कलंक दाखविले, असे आमचे मत आहे. युद्धोत्तर प्रेक्षकांस असा नायक हवाच होता. हासे यांच्या संयत बोलण्याने त्या समजुतीला बळ मिळाले, हेही नमूद केले पाहिजे.

आम्हांस त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते १९५९ मधील बर्लिनचे. बर्नार्ड शॉ आणि श्रीमती कॅम्बेल यांच्या पत्रव्यवहारावर जेरोम किल्टी यांनी रचलेल्या ‘डिअर लायर’ या नाटकात हासे शॉ झाले. समोर होत्या एलिझाबेथ बेर्ग्नर. यहुदी असल्यामुळे नाझी सत्तेवर येताच जर्मनी सोडून लंडनला गेलेली ही अभिनेत्री आणि त्याच राजवटीची शिक्षा सोसून मायदेशी राहिलेला हा नट. रंगमंचावर दोनच माणसे, घटना जवळजवळ नाहीत. सारी भिस्त पत्रांवर आणि ती वाचणाऱ्या दोन आवाजांवर.