पैशाला वास

रोम हसत हसत पाहा, अशी जाहिरात वाचून सौ.नं विनोदी पायी सहलीची दोन तिकिटं काढली. हसायला एवढे पैसे पडतात हे पाहून मी जागीच गंभीर झालो.

फोरममध्ये सॅटर्नच्या, म्हणजे आपल्या शनीच्या, देवळाचे आठ खांब उभे आहेत. रोमचा सरकारी खजिना इथेच असे. तिजोरीवर साक्षात शनी! आमच्या शाखेत ते काम मॅनेजरसाहेब पाहतात.

पुढे गाईडनं व्हेस्पेशियनचा किस्सा रंगवला. इ. स. 69 मध्ये हा बादशहा झाला, तेव्हा तिजोरीत खडखडाट. परीट लोक कपडे धुवायला मुताऱ्यांतलं मूत्र नेत. पठ्ठ्यानं त्यावरच कर बसवला. मुलगा टायटस नाक मुरडू लागला, तेव्हा बापानं नाणं त्याच्या नाकाशी धरलं : येतोय वास? सगळे हसले. मी जरा जास्तच. वीस वर्षं कॅशला बसलोय. मासळीवाल्या मावशींची नोट मी डोळे मिटून ओळखतो.

शेवटी टायटसची कमान. आत कोरलंय : सैनिक जेरुसलेमच्या मंदिरातली सात फाट्यांची समई लुटून नेताहेत. सन 70 मध्ये टायटसनं शहर घेतलं, मंदिर जळून गेलं. समोरचं कोलोसियम त्याच लुटीतून उभं राहिलं, असं अभ्यासक मानतात. गाईडनं इथे विनोद केला नाही.

"आता का हसत नाही? पैसे भरलेत ना?" सौ. म्हणाली.

"जळकट वास येतोय."

"मला नाही येत."

"तू कॅशला कुठे बसली आहेस कधी!"