उजळणी : वेलांटीपासून स्वल्पविरामापर्यंत

प्राथमिक वर्गातील मूल वाचनाविषयी बोलताना जे शब्द वापरते, ते सगळे एकाच वयाचे नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, बाराखडी हे शब्द पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीच्या काळातले. हात जे वळण काढतो आणि डोळा जे पाहतो, त्याची ही नावे आहेत. नाम, सर्वनाम, विशेषण, पूर्णविराम, स्वल्पविराम हे शब्द मात्र मराठी शाळेत छापील पुस्तकाबरोबर रुळले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. संस्कृत संज्ञा आणि इंग्रजी व्याकरणाची धाटणी यांचा मेळ घालून ही परिभाषा घडत गेली. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांच्याकडे जाते.

त्याआधी या चिन्हांची उणीव का भासली नाही? याचे उत्तर मोडीत आहे. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे सलग लिही. शब्दाशब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत. इकार-उकारांतील ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सामान्यतः पाळला जात नसे. मजकुराचा जाणकार संदर्भावरून अर्थ लावी. छापील बालबोध पुस्तक मात्र अनोळखी वाचकाच्या हाती पडणारे. वाक्य कोठे थांबते हे त्याला पानावरच कळायला हवे. पूर्णविराम ही या नव्या वाचकाची गरज होती.

ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न अधिक बिकट. रायगड जिल्ह्यात पनवेल–रोहा लोहमार्गावर, नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यान, ‘निडी’ नावाचे लहानसे स्थानक आहे. या दोन अक्षरी नावात शुद्धलेखनाचे दोन नियम सामावले आहेत : मराठी शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ, आणि अंत्य अक्षर दीर्घ असल्यास उपान्त्य इकार ऱ्हस्व. शिडी, विडी, पिढी यांचेही तसेच. पण ‘नीती’ लिहिताना हाच नियम लागू होत नाही, कारण तो शब्द तत्सम. हे नियम मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांत आहेत. शासनाने १९६२ मध्ये चौदा नियम स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली.

आठ वर्षांच्या मुलाला ‘उपान्त्य’ आणि ‘तत्सम’ या संज्ञांनी काय साधणार? बोलताना दोन इकारांतील फरक त्याच्या कानाला क्वचितच जाणवतो. म्हणून ते ‘ऱ्हस्व’ न म्हणता ‘पहिली वेलांटी’ म्हणते, ‘दीर्घ’ऐवजी ‘दुसरी’. शिक्षक याला कच्चेपणा समजतात. वस्तुतः मूल येथे जुन्या, डोळ्याच्या परिभाषेचा आधार घेत असते, आणि तो योग्यच आहे. शिडी, विडी, पिढी एकाखाली एक लिहून दिल्या की नियम त्याला स्वतःलाच दिसतो. संज्ञा त्यानंतर आली तर टिकते.

साहित्याच्या संज्ञांबाबतही हेच. यमक म्हणजे काय, हे आरती आणि ओवी ऐकणाऱ्या मुलाला ठाऊक असते. नसते ते फक्त नाव. व्याख्या आधी पाठ करून घेतली, तर नाव राहते आणि ओळख हरवते.

पूर्वी पाढे आणि परवचा म्हणण्याला ‘उजळणी’ म्हणत. उजळायचे ते आधीपासून जवळ असावे लागते. संज्ञांची उजळणी घेताना शिक्षकाने एवढेच पाहावे : ज्या वस्तूचे हे नाव, ती मुलाच्या हाती आधी आली आहे ना?