स्नायूंपासून संवेदनांपर्यंत : मुंबईतील बालव्यवसायोपचाराची वाटचाल

रोजच्या जीवनातील अर्थपूर्ण कृतींनाच उपचाराचे साधन मानून आजाराने किंवा अपंगत्वाने उणावलेली कार्यक्षमता वाढविणाऱ्या पद्धतीला व्यवसायोपचार म्हणतात. अमेरिकेत १९१७ मध्ये या क्षेत्रातील व्यक्तींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या विद्याशाखेला चालना मिळाली. भारतात तिचे शिक्षण रुजविले ते कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या, विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारताला आपले मानणाऱ्या आणि फिलाडेल्फियात व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या कमलाबाईंच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू झाले. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता.

त्या काळी मुलांच्या पुनर्वसनाचा मुख्य विषय पोलिओ हा होता. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. तिच्याच कार्यातून पुढे हाजी अली येथील बालअस्थिरुग्णालय आकाराला आले. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो, परंतु स्पर्शाची जाणीव सहसा शाबूत ठेवतो. त्यामुळे उपचारात दुबळ्या स्नायूंचे बळ वाढविणे आणि सांध्यांची विकृती टाळणे यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते.

मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे विकसनशील मेंदूला झालेल्या इजेमुळे, ज्यांच्या हालचालींवर कायमचा परिणाम होतो, अशा मुलांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत हालचालींबरोबर संवेदनांचे आकलनही बाधित झालेले असते. अशा मुलांना उपचार आणि शिक्षण एकाच छपराखाली मिळावे, या हेतूने मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्याच वर्षी अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांचा संवेदन-एकात्मीकरणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्पर्श, आंतरकर्णातून मिळणारी तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून कळणारी शरीराच्या स्थितीची जाणीव यांची मेंदूत नीट सांगड बसल्याशिवाय सफाईदार हालचाल आणि शिक्षण साधत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या विचाराने उपचारकक्षाचे रूप पालटले. लोडावर पालथे झोपून एका हातावर भार पेलत दुसऱ्या हाताने खांबीत कड्या ओवणारे मूल खेळत असते. पण त्याच वेळी मान व खांदे स्थिर राखणे, अंतराचा अंदाज घेणे आणि नेमकी पकड साधणे ही कारक कौशल्ये, म्हणजे शरीराच्या हालचालींवर ताबा ठेवण्याची कौशल्ये, ते आत्मसात करीत असते. बालकाचा व्यवसाय म्हणजे खेळ, हे तत्त्व अशा कृतीतून प्रत्यक्षात उतरते.

एअर्स यांचा सिद्धांत वादातीत मात्र नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये त्यावर आधारित उपचाराच्या परिणामकारकतेविषयीचे पुरावे मर्यादित असल्याचे नमूद करून पालकांना तशी स्पष्ट कल्पना देण्याचा सल्ला दिला. म्हणूनच झोपाळे, चेंडू आणि खडबडीत गालिचे यांच्या संख्येवरून उपचारकेंद्राची योग्यता ठरविणे चुकीचे होय. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, सदऱ्याची गुंडी लावते का आणि सवंगड्यांत मिसळून खेळते का, हीच या उपचाराची खरी कसोटी आहे.