कामावरून आलेले विद्यार्थी

मंडळी, नोकरीधंद्यातला माणूस चाळिशीत इतिहासाच्या वर्गात परत येतो, तेव्हा आपण काय करतो? पुस्तकांची यादी देतो आणि म्हणतो, ‘आधी हे वाचा.’ म्हणजे कामातली वीस वर्षं दाराबाहेर काढून ठेवायची, चपलांसारखी!

ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात राफाएल सॅम्युएल यांनी उलटं केलं. हे कॉलेज १८९९चं, कामगारांसाठी काढलेलं. विद्यार्थी खाणीतले, रेल्वेतले, युनियनमधले. सॅम्युएल त्यांना थेट मूळ कागदांकडे पाठवत. १९६७मध्ये तिथं ‘हिस्टरी वर्कशॉप’ सुरू झालं. पहिला विषय चार्टिस्ट चळवळ. पुढे फ्रँक मॅकेना या रेल्वे कामगारानं रेल्वेवाल्यांच्या बोलीचा कोशच केला. असे शब्द सरकारी अहवालात कुठून सापडणार? ते यार्डात राबलेल्यालाच ठाऊक.

पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस, शंका येणारच. ‘मी तिथं होतो’ हा पुरावा आहे का? आहे, पण तोही तपासावा लागतो. कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. याच वर्कशॉपमध्ये १९६९ साली शीला रोबॉथम यांनी स्त्रियांच्या इतिहासावर बैठक घेऊ, असं जाहीर केलं, तर पुरुष हसले. कष्टकऱ्यांचा इतिहास लिहायला बसलेले हे लोक, बरं का! त्या बायका काही थांबल्या नाहीत. १९७०च्या फेब्रुवारीअखेरीस त्याच कॉलेजच्या पुढाकारानं ऑक्सफर्डात ब्रिटनमधली पहिली राष्ट्रीय स्त्रीमुक्ती परिषद भरली. त्या वेळी मुलं सांभाळायला पुरुष बसले होते. त्यांत स्टुअर्ट हॉलही होते.