ओळ मोडते कोण?



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. विषय वरवर क्षुल्लक आहे: ओळ. लिहिताना ती कुठे संपते, आणि संपवतो कोण?

जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. पानाची कड आली की ओळ संपली, शब्द अर्धा राहिला तरी चालेल. मोडीतही आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकावत जायचे, हात शक्यतो न उचलता. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने बघावे. म्हणजे ओळ ही कागदाची गरज होती, मजकुराची नव्हे. (कविता आणि अभंग सोडून, त्याकडे येतोच.) आंतरदेशीय पत्रात जागा संपली की आम्ही कडेने उभे लिहायचो. वाचणारा पत्र फिरवून वाचायचा. कुणाची तक्रार नसे.

टायपरायटर आला आणि ओळीला घंटी मिळाली. उजवी कड जवळ आली की टिण्ण! चालू शब्द पुरा करायचा की मोडायचा हे टायपिस्ट ठरवायचा. मग दांडी ढकलली की दोन कामे होत: गाडा मागे जाई आणि कागद एक ओळ वर सरके. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांसाठी दोन वेगळ्या खुणा तारेवरून पाठवाव्या लागत. गंमत म्हणजे आजही ईमेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या दोन्ही खुणा जातात. गाडा नाही, कागद नाही, पण खुणा आहेत.

ओळीची लांबीही अशीच वारशाने आली. आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचे भोक पाडायचे कार्ड काढले. पुढे संगणकाचे पडदे आले तेही बहुतेक ८० अक्षरे रुंद. १९७१ साली रे टॉमलिन्सनने दोन संगणकांमध्ये पहिली ईमेल पाठवली, आणि पुढची पिढी याच पडद्यांवर पत्रे वाचू लागली. १९८२ च्या नियमांनी एका ओळीला १००० खुणांची कमाल मर्यादा घातली. २००१ च्या नियमाने शक्यतो ७८ च्या आत राहा असा सल्ला दिला. जाणकार मात्र ७२ च्या आसपासच ओळ मोडत. कारण उत्तर देताना मूळ मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी बाणासारखी खूण लागते, उत्तराला उत्तर आले की दोन. त्या बाणांसाठी जागा हवी! पत्र पाचसहा वेळा फिरले की ती जागाही संपते, आणि मग एक ओळ लांब, पुढची दोन शब्दांची, असा तुटक्या दातांचा कंगवा तयार होतो.

आता घरातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची आक्का, जात्यावरच्या ओव्या म्हणे. मी त्या तिच्या तोंडून वहीत उतरवल्या. ती ओवी एका दमात म्हणे, म्हणून मीही अख्खी ओवी एका ओळीत घेतली. २००५ च्या सुमारास त्या टाइप करून अमेरिकेतल्या पुतण्याला पाठवल्या. त्याने पुढे भाच्यांना पाठवल्या. प्रत्येक फेरीत कुठलातरी प्रोग्राम मोजून ओळ मोडत होता. त्यातही आपले नुकसान जास्त, कारण तो काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतो. 'मराठी' आपल्याला तीन अक्षरे, त्याला पाच खुणा. आक्का गेल्यावर मुलांनी प्रेमाने पुस्तिका छापली, ती या मेलांवरून. तीत ओवीचा पाऊण भाग वर आणि पाव भाग खाली लोंबतो आहे. नातसुना ती वाचून म्हणतात तेव्हा नेमक्या तिथे थांबतात जिथे आक्का कधीच थांबत नसे. आणि पुस्तिका छापील असल्यामुळे तीच खरी मानली जाते, माझी वही नव्हे.

यावर उपाय तेव्हाही निघालेला होता. १९९९ साली एक नियम झाला: प्रोग्रामने सोयीसाठी ओळ मोडली तर शेवटी एक रिकामी जागा सोडायची. शेवटी जागा असेल तर ओळ पुढच्या ओळीला जोडून घ्या, नसेल तर लिहिणाऱ्याने ती मुद्दाम संपवली आहे. न दिसणाऱ्या एका जागेत केवढा अर्थ! व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण इतके सुटसुटीत विरामचिन्ह पाहिले नाही. दुर्दैवाने सगळ्या प्रोग्रामांनी हा नियम पाळला नाही.

मराठीची आणखी एक अडचण होती. ईमेलचा रस्ता मुळात इंग्रजीपुरता, १२८ खुणांचा. १९९२ साली बोरेन्स्टाइन आणि फ्रीड यांनी इतर लिप्या आणि चित्रे त्याच रस्त्याने नेण्याची युक्ती नियमात बसवली. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीची एक खूण तीन तुकड्यांची असते. ईमेलच्या एका वेष्टनात प्रत्येक तुकड्याला तीन इंग्रजी खुणा लागतात, म्हणजे 'क' साठी नऊ. त्या वेष्टनाची ओळ ७६ खुणांची, त्यात आपली पुरती नऊ अक्षरेही मावत नाहीत. दुसऱ्या वेष्टनात चारांत भागते. ही काटछाट दिसत नाही, उघडताना सांधली जाते.

पण विषयाच्या ओळीत ती दिसते. तिथे एकेका वेष्टनाला ७५ खुणांची मर्यादा आहे. युनिकोडचे लेबल वजा जाता आपल्या १५ खुणा मावतात. अक्षराचे तीन तुकडे दोन वेष्टनांत वाटू नका असा नियम आहे, तरी काही प्रोग्राम वाटतात. मग 'आक्काच्या ओव्या, भाग दुसरा' अशा विषयात मध्येच काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उगवते.

तेव्हा घरच्या मंडळींना विनंती. ज्यांच्याकडे ते जुने मेल असतील त्यांनी मजकूर कॉपी करून पाठवू नये. अख्खा मेल जोडपत्र म्हणून बेंबळीला पाठवावा, म्हणजे ओळ कुठल्या फेरीत मोडली ते तरी कळेल. वहीच्या पानांचे फोटो मी एकेक करून काढतो आहे. शाई फिकी झाली आहे, पण ओळी जिथल्या तिथे आहेत.